डब्याला ओवाळलं तेव्हा

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की आमचे हे आधी तिला थोपटतात. हे म्हणजे सुहास मगदूम, गडहिंग्लजच्या शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर. टीव्ही असो, मिक्सर असो, नाहीतर गच्चीवरची पाण्याची मोटर असो, ते हलकेच थोपटणार, प्लग काढून फुंकर मारणार आणि मग तिला थोडा वेळ एकटीला सोडणार. "दमली असेल," म्हणतात. माझी रीत वेगळी. मी एसटीत कंडक्टर होते. आजरा-चंदगडच्या वळणांवर माझी उभी हयात गेली. मी ओरडते. आधी वस्तूवर, मग कंपनीवर, आणि दोघंही ऐकत नसतील तर यांच्यावर. या दोन उपायांनी आमच्याकडच्या बऱ्याच वस्तू सुरळीत चालायला लागल्या आहेत.

पण डबा तसल्या वस्तूंपैकी नव्हता. डबा बंद पडला तर हे गेले, इतकी ती साधी गोष्ट होती.

यांना मोठा झटका येऊन गेला, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं होतं. हृदयाला चार कप्पे. वरचे दोन आधी आवळतात, तिथून विजेचा एक बारीक निरोप खालच्या दोघांकडे जातो आणि मग खालचे आवळतात, रक्त अंगभर जातं. यांच्या हृदयात झटक्यानं तो निरोपाचा रस्ताच बंद झाला होता. वरचे कप्पे ठणठणीत. जिना चढताना जोरात चालायचं, झोपेत सावकाश चालायचं, सगळं त्यांना कळतं. पण खाली कुणी सांगायला जात नाही.

पूर्वी अशा माणसाच्या छातीत बॅटरीवाला पेसमेकर बसवत. बॅटरी संपली की पुन्हा कापाकापी. आता शेंगदाण्याहून लहान असा एक दाणा मांडीच्या शिरेतून आत सरकवतात आणि खालच्या कप्प्यात रुतवून ठेवतात. दाण्यात बॅटरी नाही. घरात भिंतीवर बसवलेला डबा त्याला रेडिओलहरींनी वीज पुरवतो. आणि नुसती वीज नाही. डबा घरभर अगदी मंद लहरी सोडत राहतो. त्या माणसाच्या छातीवर आपटून परत आल्या की त्यातून वरच्या कप्प्यांची हालचाल त्याला दिसते. वरचे आवळले की लगेच तो दाण्याला सांगतो, आता तू. हृदयातला हरवलेला निरोप भिंतीवरून फिरून जातो, एवढंच.

घरात दहा माणसं असली तरी डबा चुकत नाही, कारण प्रत्येकाच्या छातीची हालचाल सहीसारखी वेगळी असते आणि त्यानं आपल्या रुग्णाची सही पाठ केलेली असते. रुग्ण फाटकाबाहेर गेला की डबा वीज थांबवतो, उगाच लहरी सोडत राहू नये असा सरकारी नियम आहे. बाहेर जाताना छातीवरून आडवा पट्टा बांधायचा, त्यात बॅटरी असते. पट्टा अडाणी. तो कुणाचं बघत नाही, एका ठरलेल्या गतीनं दाण्याला ठोके मारायला लावतो. फिरायला जाण्यापुरतं तेवढं चालतं.

दोन वर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं होतं. माझ्या लेखी डबा घरातलाच झाला होता. त्यामुळे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडली, तेव्हा विळी, शिलाई मशीन, यांचे कुंचले आणि माझं जुनं तिकिटांचं मशीन यांच्याबरोबर डब्यालाही हळदकुंकू लावलं. पाण्यात भिजवून ठेवलेल्या झेंडूचा दुपदरी जाड हार त्याला घातला. डबा अगदी नवरदेवासारखा दिसत होता.

दसऱ्याच्या सकाळी तो बोंबलायला लागला.

आधी टुक, मग जरा थांबून टुक टुक. त्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. हे खुर्चीत बसले होते ते उठून आले आणि त्यांनी डब्याला थोपटलं. मी ताबडतोब पट्टा आणून यांच्या छातीवर बांधला. बकल लागेना, म्हणून मी म्हटलं, "जरा नीट उभं राहता येत नाही का?"

कंपनीला फोन लावला. सणाचा दिवस, माणूस कुठला असणार! मशीनचा मंजुळ बाईचा आवाज होता. फोन स्पीकरवर टाकला.

"कृपया घाबरू नका," बाई म्हणाली. "डबा आणि रुग्ण यांच्यामध्ये एखादा अडथळा आहे का?"

यांनी नीट पाहिलं. टीपॉय सरकवला, दाराचा पडदा बाजूला केला. "नाही," म्हणाले.

"डब्यावर एखादी वस्तू ठेवली आहे का?"

यांनी मान वर करून पाहिलं. मीही पाहिलं. "वस्तू कसली? काही नाही," मी म्हटलं.

"धन्यवाद. आता आपण रिसेट करू. रुग्णाने पट्टा बांधला आहे याची खात्री करा. डब्याच्या खालच्या छिद्रात पिन घाला आणि दिवा लाल होईपर्यंत दाबून धरा."

मी मंगळसूत्राला लावलेली सेफ्टी पिन काढली. ते छिद्र नेमकं कुठं लागतं ते कळेना. दाबावं तर पिन सटके, दिवा लाल व्हायच्या आत हात उचलला जाई, आणि बाई आपली पुन्हा पहिल्यापासून, कृपया घाबरू नका. मी तिला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. या सगळ्यात पट्ट्याची बॅटरी उतरत चालली होती. पट्ट्यावरचा दिवा लाल झाला तेव्हा कुठं डब्याचा दिवाही लाल झाला, मग विझला, आणि डबा अगदी गप्प झाला.

"आता हिरवं बटण दाबायचं," हे म्हणाले. "थांब, थांब. रिसेट म्हणजे नवीनच झाला की हा. नवीन मशीन असंच चालू करतीस व्हय? ओवाळ की."

त्यांचं बरोबरच होतं. आमच्याकडे फोन काय, फ्रिज काय, आधी कुंकू मग बटण. मी कालचा हार उतरवून निर्माल्याच्या टोपलीत टाकला, डब्याला नव्यानं हळदकुंकू लावलं, निरांजन पेटवलं आणि समोर उभी राहिले. हे माझ्या मागं खुर्चीत. त्यांनीच उठून माझ्या बाजूनं हात लांब करून बटण दाबलं आणि ते परत खुर्चीत बसले.

"नमस्कार," डबा म्हणाला. "मी तुमचा सोबती. रुग्णाने माझ्यासमोर शांत राहावे. मी ओळख करून घेत आहे."

मी ओवाळत होते. मग डोळे मिटून हात जोडले. यांना सांभाळ बाबा, एवढंच मनात म्हटलं, आणि तेही पुन्हा पुन्हा. त्या क्षणी माझ्याइतकं शांत त्या घरात कुणी नव्हतं.

"ओळख पटली," डबा म्हणाला. "जुळणी उत्तम."

दिवा हिरवा. यांनी पट्टा काढून चार्जिंगला लावला. मला इतका आनंद झाला की मी श्रीखंडात केशर जरा जास्तच घातलं.

जेवताना हे एकसारखे मानेला हात लावत होते. "मानेत काहीतरी उसळायलंय," म्हणाले. "जोरात नाही. पण मधनंच उसळतंय."

"रिसेट केलाय ना, बसेल हळूहळू," मी म्हटलं. अंगात भीतीची एक बारीक कळ आली, ती पुरीबरोबर गिळून टाकली. हे मात्र तेवढ्यात छातीवर हात ठेवून थांबले आणि माझ्याकडे नवलानं बघायला लागले.

दुपारी केतकीचा, आमच्या मुलीचा, पुण्याहून फोन आला. शुभेच्छा झाल्या आणि नेहमीचं सुरू झालं. तिकडं एकटे राहू नका, बाबांना घेऊन पुण्याला या, इथं मोठी हॉस्पिटलं आहेत. मी बोलत बोलत व्हरांड्यात गेले. एका वाक्यावरून दुसरं वाक्य निघालं, "तुझ्या हट्टापायी बाबांना काही झालं तर" असं ती म्हणाली, आणि माझं डोकं सटकलं. काय बोलले ते मलाही धड आठवत नाही. घाटात ब्रेक लागत नसलेल्या गाडीसारखी मी सुटले होते.

आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

हे जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक, कपाळ घामानं भिजलेलं, दोन्ही हात छातीवर. मी ओरडले. ओरडले तसे ते आणखी वाकले. मी धावत जाऊन त्यांना धरलं तर शर्टाच्या वरून मला त्यांचे ठोके दिसत होते. शप्पथ सांगते, दिसत होते.

"शैला," ते कसेबसे म्हणाले, "खाली बस. बस आधी. श्वास घे."

"मी कशाला श्वास घेऊ? तुम्हाला..."

"ऐक माझं. बस."

तीस वर्षांत ते माझ्याशी चढ्या आवाजात बोलले नव्हते. मी बसले. भिंतीला टेकून लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. माझी धडधड हळूहळू उतरली. आणि ती उतरली तसा यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

यांनी चाळीस वर्षं मुलांना एकच गोष्ट शिकवली, आधी बघा, मग काढा. ते तसेच माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी माझं मनगट धरलं, दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली, आणि मान खाली घालून दोन्हीकडचे ठोके मोजायला लागले.

"तुझं बोट इथं ठेव," म्हणाले. "आणि दुसरं तुझ्या गळ्याला."

मी ठेवलं. दोन बोटांखाली एकच ठोका होता. एक मागं, एक पुढं असंही नव्हतं. माझा चुकला की त्यांचा चुकत होता. माझा आता भीतीनं जोर धरायला लागला, तर त्यांचाही.

"ह्यानं तुला धरलंय," हे डब्याकडं बघत म्हणाले. "माझ्या जागी."

तेव्हा मला सगळं समजलं. बटण दाबलं तेव्हा डब्यापुढं मी उभी होते. त्यानं माझी सही पाठ केली. आता माझ्या हृदयाचे वरचे कप्पे आवळले की तो निरोप यांच्या खालच्या कप्प्यांना जात होता. यांचे स्वतःचे वरचे कप्पे आपले वेगळ्याच तालावर चालले होते, म्हणून मानेत उसळत होतं. आणि डब्याला यात काही चूक दिसणार कशी? तो माझी छाती बघत होता, दाण्याचे ठोके तपासत होता, आणि दोन्ही तंतोतंत जुळत होते. तोच तर ते जुळवत होता.

मी ताडकन उठले. "मग मी घराबाहेर जाते. मी दिसले नाही की त्याला तुम्ही दिसाल."

हे नको म्हणेपर्यंत मी फाटकाबाहेर होते. तिथूनच उघड्या खिडकीतून तो आवाज ऐकला, स्वच्छ आणि नम्र.

"रुग्ण घराबाहेर गेले आहेत. वीजपुरवठा थांबवत आहे."

दाण्यात क्षणभर पुरेल एवढीसुद्धा वीज शिल्लक नसते. मी वळले. फाटकाची कडी लागेना, म्हणजे उघडेना, मला तेव्हा कडी कशी उघडतात तेच आठवेना. साडी कशात तरी अडकून टरकन फाटली. व्हरांड्याची पायरी चढले तसा डबा म्हणाला, "स्वागत आहे." आत हे खुर्चीत मान टाकून बसले होते. त्यांचे ओठ निळसर झाले होते. पुढच्या क्षणी त्यांच्या छातीला हिसका बसला, कारण मी धावत आले होते, आणि माझ्या त्या धावण्याचे सगळे ठोके आता त्यांच्या दुबळ्या हृदयात पडत होते.

मी जागच्या जागी खाली बसले. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. दरडीच्या कडेला गाडी लटकली होती तेव्हाही नाही. तेव्हा ओरडायची तरी सोय होती. आता भ्यायचीही सोय नव्हती. मी घाबरले की हे मरणार, आणि हे मरणार म्हणून मी घाबरणार. यातून बाहेर पडायचं दार कुठंच नव्हतं.

कोल्हापूरच्या रुग्णालयाला यांनीच फोन केला, कारण बोलताना माझा आवाज चढला असता. दाण्याच्या विभागातल्या मुजावर सिस्टर फोनवर आल्या. मदतीला पहिल्यांदा माणसाचा आवाज आला.

"डबा बंद करू नका, पुन्हा रिसेटही करू नका," त्या म्हणाल्या. "पट्टा चार्ज झालाय?"

पट्ट्यावरचा दिवा अजून लालच होता, तो पुरता चार्ज व्हायला आख्खी रात्र लागते. आणि चार्जिंगला असताना तो चालत नाही, छातीला झटका बसू नये म्हणून तशी सोयच ठेवलेली नाही.

"बरं. मी गाडीतला मोठा पट्टा घेऊन निघते. दसऱ्याची गर्दी आहे, वेळ लागेल. सर, एक सांगते. डॉक्टरांनी तुमच्या ठोक्यांना वरची मर्यादा घालून दिली होती. रिसेटमध्ये ती पुसली गेलीय. आता मॅडमचे ठोके जितके वाढतील तितके तुमचे वाढणार. मॅडमना तिथंच बसू द्या. आणि त्यांना शांत ठेवा."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "ऐकलंस?"

"मला शांत ठेवायचंय," मी म्हटलं. "मला. डेपोत विचारून या म्हणावं."

ते हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. तो साधला नाही, रडू आलं, आणि रडू आलं तसं त्यांनी छाती धरली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून श्वास मोजायला लागले. बाहेर कुठंतरी ढोल वाजायला लागला होता. प्रत्येक ठोक्याला मी दचकत होते, आणि दचकले की समोर यांच्या पापण्या फडफडत होत्या. हे दुखत नाही असं दाखवत होते. मला घाबरवायचं नाही म्हणून. आणि ते मला स्पष्ट दिसत होतं.

मग ते खोकले. साधा ठसका, घसा कोरडा पडलेला. खोकले आणि लगेच छातीवर हात नेऊन थबकले. माझ्याकडे बघितलं. मुद्दाम पुन्हा खोकले. पुन्हा थबकले.

"शैला, मी खोकलो की तुझं असं होतं?"

मी फाटलेल्या साडीचा काठ चाचपायला लागले.

"रोज?"

काय सांगणार? झटक्याच्या आधी ते असेच दोनदा खोकले होते. तेव्हापासून दोन वर्षं ते खोकले की मी जागच्या जागी थांबते, मी स्वयंपाकघरात असले तर हातातलं भांडं तसंच राहतं, आणि पुढचा आवाज नीट आला की मग मी ओरडते, पाणी प्या की, किती वेळा सांगायचं!

"मला वाटायचं तुला राग येतोय," हे म्हणाले. "तू ओरडायचीस आणि मी गुमान पाणी प्यायचो. आत एवढं काय होतंय तुला, मला कसं कळणार गं?"

"कळून काय करणार होता?"

"काय करणार होतो, कुणास ठाऊक. पण कळलं तर असतं."

मला खूप भीती वाटते, मी म्हटलं. सरळ तेवढंच म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मान हलवली, त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायची गरजच नव्हती, त्यांच्या छातीतच ते वाजत होतं. आणि विचित्र म्हणजे, बोलल्यावर ते थोडं कमी झालं. दोघांचंही.

त्यांनी खुर्चीतूनच पायानं ताज्या झेंडूची टोपली माझ्याकडे सरकवली. मागच्या दाराचं तोरण करायचं राहिलं होतं. "ओव," म्हणाले. "तू हातानं काम करायला लागलीस की निवतीस. मी बघितलंय."

मी दाभण घेतलं. एक फूल, एक आंब्याचं पान, पुन्हा फूल. ते रंग सांगत होते. आता पिवळं, आता केशरी, नको, परत केशरी घे. मी फुलाकडे बघत होते, त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. तोरण दारापेक्षा लांब झालं तरी ओवत राहिले. ढोल लांब गेला. बोटांना झेंडूचा वास लागला, श्वास सावकाश चालायला लागला, आणि त्यांनी रंग सांगायचं कधी बंद केलं ते मला कळलंच नाही.

मान वर करून बघितलं तर त्यांचं डोकं छातीवर पडलं होतं. एक हात खुर्चीखाली लोंबत होता.

माझ्या काळजानं अशी उडी मारली की हातातलं दाभण दूर जाऊन पडलं. आणि त्याच क्षणी हे "आई गं!" करून खुर्चीत ताठ उठून बसले.

"काय झालं? कशाला भ्यालीस?"

"तुम्ही... तुम्ही मान टाकली होती."

"डोळा लागला होता गं," छाती चोळत ते म्हणाले. "इतकं शांत वाटलं मला. दोन वर्षांत अशी झोप लागली नव्हती. तेवढ्यात तू लाथ घातलीस."

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. डोळे मिटले. त्यांना पुन्हा झोप लागली तर लागू दे, असं ठरवलं. त्यांचा हात माझ्या केसांवर होता. मी फक्त श्वास घेत होते आणि सोडत होते. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा गाडी आली. मुजावर सिस्टर तरुण होत्या, पण जुन्याजाणत्या बाईसारख्या थेट आत आल्या. त्यांनी यांच्या छातीवर मोठा पट्टा बांधला, गळ्याला बोट लावून पाहिलं, माझ्याही गळ्याला लावून पाहिलं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या.

"मॅडम, आता पट्टा चालू करते आणि डबा पुन्हा रिसेट करते. तुम्ही फाटकाबाहेर जा. चांगल्या लांब. मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही."

मी फाटकाबाहेर गेले, समोरच्या लिंबाखाली उभी राहिले. आत आता काय चाललं असेल ते मला दिसत नव्हतं. माझं काळीज धाडधाड उडत होतं आणि ते आता फक्त माझंच होतं. दिवसभर ते दाबून ठेवलं होतं, ते आता पोटभर उडू दिलं. आणि तरीही वाटत होतं, आत यांना लागत तर नसेल?

समोरचे देसाई काका आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या वहिनी, सोन्यासारखं राहा." मी पानं घेतली. हसलेही असेन. सर घरात आहेत का, त्यांनी विचारलं. आहेत का, हेच तर मला माहीत नव्हतं.

मग खिडकीतून आवाज आला. सिस्टरांचा नव्हे, यांचा. "शैला, ये आत. झालं."

मी आत गेले. आधी यांच्या गळ्याला बोट लावलं, मग माझ्या. माझं धावत होतं. त्यांचं सावकाश, आपल्या आपल्या चालीनं चाललं होतं. मानेतलं उसळणं थांबलं होतं. सिस्टरांनी फोनवर डॉक्टरांकडून मर्यादा परत घालून घेतली, आणि मग डब्याच्या आत साठलेली माहिती बघत बसल्या.

"पण सकाळी बिघडलं काय होतं?" त्यांनी विचारलं. "यात काहीच बिघाड दिसत नाही. काल दुपारपासून नुसते सिग्नल कमी कमी होत गेलेत, समोर पाण्याची पिशवी धरल्यासारखे." त्यांनी डब्यावरचं कुंकू पाहिलं. "तुम्ही याला हार घातला होता?"

"खंडेनवमीचा," मी म्हटलं. "झेंडूचा."

"ओला?"

दाराशी निर्माल्याची टोपली होती. त्यात तो दुपदरी हार अजून तसाच ओलागच्च पडला होता.

"भिंत, कपडा, लाकूड, सगळ्यातनं या लहरी बऱ्यापैकी जातात," सिस्टर म्हणाल्या. "पाणी मात्र त्या शोषून घेतं. रिसेट कशाला करत बसलात? हार तेवढा काढायचा होता. हेल्पलाइननं विचारलं नाही, डब्यावर काही ठेवलंय का म्हणून?"

"विचारलं की," हे म्हणाले. "आम्ही नाही म्हटलं. हार म्हणजे काय वस्तू आहे का?"

आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला वळतेय न वळतेय तोच त्यांनी एक हात वर केला, डोळ्यांत पाणी, तोंड लाल, आणि खोकता खोकताच म्हणाले, "ठसका आहे गं. नुसता ठसका."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. डबा नीट चालू आहे, त्याला मी लांबूनच कोरडं कुंकू लावते. हे दिवसातून चार वेळा खोकतात, आणि मी घरात कुठंही असले तरी खोकल्यापाठोपाठ त्यांची हाक येते, ठसका आहे गं, नुसता ठसका. माझं काळीज उडायचं ते उडतंच. पण आता ते त्यांना माहीत आहे.